आजीवरचे सचित्र पुस्तक: वही कोणाची, शब्द कोणाचे आणि चित्रे कोणाची?

बडोद्यातील एका वाचक भगिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या आईची आई 1947 च्या सप्टेंबरात कराचीहून बोटीने मुंबईला आणि तेथून बडोद्याला आली. त्या प्रवासाच्या आणि पुढच्या संसाराच्या आठवणी आजीने दोन वह्यांत लिहून ठेवल्या असून पहिल्या पानावर "हे माझ्या नातीसाठी" असे लिहून सही केली आहे. आजी 2019 साली मृत्युपत्र न करता वारली. आजोबा त्याआधीच गेले होते. वह्या आता मामांकडे आहेत, नातीजवळ त्यांच्या पानांची मोबाइलवर काढलेली छायाचित्रे आहेत. ललित कला शाखेत शिकलेल्या एका चित्रकर्तीकडून तिने मोबदला देऊन चित्रे काढून घेतली, पण लेखी करार केला नाही. प्रकाशक तयार आहे. मात्र मामा म्हणतात की वह्यांतला मजकूर छापायचा नाही, आणि चित्रकर्ती म्हणते की चित्रे तिची असल्यामुळे त्यांच्या प्रती ती स्वतंत्रपणे विकणार आहे.

आपल्या पत्रातून या पुस्तकाची तळमळ जाणवते. सिंध 1936 पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता, त्यामुळे नोकरीनिमित्त कराचीत स्थायिक झालेली मराठी घरे होती, आणि त्या घरांतील स्त्रियांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला मजकूर आज फार थोडा सापडतो. म्हणूनच हे पुस्तक वादात अडकू नये, यासाठी कोणता हक्क कोणाकडे आहे ते आधी नीट पाहू.

आजीच्या आयुष्याची गोष्ट सांगण्यास आपल्याला कोणाचीही परवानगी लागत नाही. ती कोणत्या बोटीने आली, मुंबईत कोणाकडे उतरली, बडोद्यात पहिले बिऱ्हाड कोठे केले, या घटना आहेत, आणि घटनांवर कॉपीराइट नसतो. कल्पना, विषय आणि ऐतिहासिक तथ्ये यांना संरक्षण नाही, संरक्षण आहे ते मांडणीला, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या 1978 च्या निकालात स्पष्ट केले आहे. तेव्हा आपण स्वतःच्या शब्दांत लिहिलेले पुस्तक मामा केवळ "आमच्या घरची गोष्ट आहे" या कारणाने अडवू शकत नाहीत. मात्र वहीतील वाक्ये किरकोळ फेरफार करून उतरवणे म्हणजे स्वतःचे शब्द नव्हेत, हेही लक्षात असू द्यावे.

वहीतील मजकूर जसाच्या तसा छापायचा असेल, किंवा आजीच्या हस्ताक्षरातील पाने चित्रांच्या जोडीने द्यायची असतील (आणि सचित्र पुस्तकात ती असावीत असे मलाही वाटते), तर प्रश्न वेगळा होतो. वही ही वस्तू एक आणि तिच्यातील लेखनाचा कॉपीराइट ही दुसरी मालमत्ता. वही मामांच्या कपाटात आहे म्हणून कॉपीराइट एकट्या मामांचा होत नाही. त्याचप्रमाणे पानांची छायाचित्रे आपल्याजवळ आहेत म्हणून तो आपलाही होत नाही. पहिल्या पानावरील ओळ मनाला कितीही पटणारी असली तरी ती मृत्युपत्र ठरणार नाही, कारण भारतीय उत्तराधिकार अधिनियम 1925 च्या कलम 63 प्रमाणे मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदार लागतात. वही आजीने हयातीत आपल्या हाती दिलेली नसल्यामुळे ती बक्षीस मिळाली असे म्हणणेही कठीण आहे. कॉपीराइटचे हस्तांतरण म्हणूनही त्या ओळीवर विसंबता येणार नाही, कारण अशा लेखात कोणते हक्क दिले ते नमूद असावे लागते.

मग वारस कोण? हिंदू उत्तराधिकार अधिनियम 1956 च्या कलम 15 नुसार मुलगा, मुलगी आणि आधी वारलेल्या मुलीची अपत्ये. आपली मावशी आजीच्या आधी गेली असे आपण लिहिले आहे. म्हणजे मामांचा एक तृतीयांश, आपल्या आईचा एक तृतीयांश आणि मावशीच्या दोन मुलांचा मिळून एक तृतीयांश. आई हयात असल्यामुळे आपला स्वतःचा हिस्सा काहीच नाही, आणि ही गोष्ट आपल्या पत्रात कोठेही दिसली नाही. सहमालकांपैकी एकाला इतरांना डावलून प्रकाशकाला परवाना देता येत नाही, म्हणून केवळ आईच्या सहीवर विसंबू नये. मामा आणि मावसभावंडे यांच्याही सह्या हव्यात. "इतकी वर्षे झाली, हक्क संपला असेल" असेही समजू नका. लेखकाच्या मृत्यूपर्यंत अप्रकाशित राहिलेल्या लेखनाचा कॉपीराइट, ते मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध होईल त्याच्या पुढील वर्षापासून 60 वर्षे चालतो.

आजीला तिच्या भावाने पाठवलेल्या पत्रांनाही हाच न्याय लागू आहे. कागद आजीच्या मालकीचा, शब्द लिहिणाऱ्याचे, म्हणून संमती त्या भावाच्या वारसांची. आपण आजीचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित केले आहे. त्या मुद्रणाचा हक्क आपला, पण तिचे शब्द अक्षरशः छापणार असाल तर वारसांच्या संमतीपत्रात त्यांचाही उल्लेख करून घ्यावा. कराचीच्या स्टुडिओत पैसे देऊन काढवून घेतलेल्या कौटुंबिक छायाचित्रांची काळजी तुलनेने कमी आहे, कारण वेगळा करार नसेल तर अशा छायाचित्राचा प्रथम मालक ते काढवून घेणारा असतो. फाळणीची इतर छायाचित्रे मात्र केवळ जुनी दिसतात म्हणून इंटरनेटवरून उचलू नयेत. 2012 च्या दुरुस्तीपूर्वी छायाचित्राची मुदत प्रसिद्धीपासून मोजत, आता छायाचित्रकाराच्या मृत्यूपासून मोजतात, त्यामुळे प्रत्येकाचा हिशेब स्वतंत्र करावा लागतो.

आता चित्रकर्तीकडे वळतो. कॉपीराइट अधिनियम 1957 च्या कलम 17 मध्ये मोबदला देऊन काढून घेतलेल्या रंगचित्राचा किंवा व्यक्तिचित्राचा प्रथम मालक, विरुद्ध करार नसल्यास, काम सांगणारा असतो अशी तरतूद आहे. आपले पैसे बँकेतून गेले आहेत आणि व्हॉट्सअॅपवरील संदेशांत कामाचे स्वरूप ठरलेले दिसते, त्यामुळे आपली बाजू दुबळी नाही. परंतु आपल्या पुस्तकातील बरीच चित्रे शाईची रेखाटने आहेत आणि ती या तरतुदीत बसतात का यावर वाद घालता येतो. या वादात दोन वर्षे घालवण्यापेक्षा आज तिच्याशी लेखी करार करणे मला कितीतरी शहाणपणाचे वाटते. त्यात हक्कांची मुदत आणि प्रदेश लिहिलाच पाहिजे, कारण लिहिला नाही तर कायदा मुदत पाच वर्षे आणि प्रदेश फक्त भारत धरतो. आपले नातेवाईक अमेरिकेत आहेत, तेथेही पुस्तक जावे असे आपण म्हणता. मिळालेला हक्क एका वर्षात न वापरल्यास हस्तांतरण रद्द होते, ही अटही करारात स्पष्टपणे वगळावी, कारण पुस्तके रखडतात. तिचे नाव छापणे आणि चित्रांची मोडतोड न करणे हे बंधन मात्र सगळे हक्क घेतल्यावरही आपल्यावर राहील. मूळ चित्रे कोणाकडे राहतील तेही लिहावे. माझा सल्ला असा की आजीची व्यक्तिचित्रे वगळून इतर चित्रांच्या प्रती विकण्याची मुभा तिला द्यावी. तिने मन लावून काम केले आहे आणि त्याने आपल्या पुस्तकाचे काही बिघडत नाही.

मामांच्या विरोधाचे खरे कारण बहुधा दागिन्यांचे प्रकरण असावे. बोटीत चढण्यापूर्वी विश्वासाने सोपवलेले दागिने एका नातेवाइकाने परत दिले नाहीत असे आजीने लिहिले आहे, आणि त्या दिवंगत नातेवाइकाची मुले बडोद्यातच राहतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली मृत व्यक्तीवरील आरोपही, तो कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या उद्देशाने केलेला असेल तर, बदनामी ठरू शकतो आणि त्यास दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवेची शिक्षा आहे. "हे आजीने लिहिले, मी नाही" हा बचाव पुरेसा नाही, कारण छापून प्रसिद्ध करणारे आपण असता. आरोप सत्य असून त्याची प्रसिद्धी लोकहिताची असल्यास अपवाद आहे, पण त्या काळातल्या व्यवहाराचा पुरावा आज कोठून आणणार? केवळ नाव बदलून भागणार नाही, कारण नात्यातील प्रत्येक जण ओळखेल. दागिने गेले आणि आजीने नव्याने संसार उभा केला, एवढे सांगून ते कोणामुळे गेले हे गाळावे. तसे लेखी आश्वासन दिल्यास मामांची सही मिळणेही सोपे होईल.

पुस्तकाच्या आतल्या पानावर कराची ते बडोदे नकाशा देणार आहात. भारताच्या सीमा दाखवणार असाल तर त्या भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच असाव्यात, अन्यथा 1961 च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमानुसार सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. केवळ किनारा, बोटीचा मार्ग आणि गावे काढली तर हा प्रश्नच येत नाही.

मामांना वकिलाची नोटीस पाठवू नये. पहिले पत्र आईने लिहावे, सोबत छापायच्या उताऱ्यांची प्रत जोडावी, आणि सर्व वारसांच्या सह्या होईपर्यंत प्रकाशकाच्या करारावर आपण सही करू नये, कारण त्या करारात सर्व हक्क आपल्याकडे असल्याची हमी आणि नुकसानभरपाईचे कलम असतेच.