काशाची वाटी, साऊंड बाथ आणि उडालेली झोप

प्रश्न : ताई, मी परभणीची, पतसंस्थेत नोकरीला आहे. मार्च एंडपासून झोपच येईना झालीय, डोकं सारखं गच्च, घरात कुणी काही बोललं की अंगावर धावून जाते. माझी जाऊबाई संभाजीनगरला साऊंड हीलिंगला जातात, साऊंड बाथ पण म्हणतात त्याला, आडवं पडून धातूच्या वाटीसारख्या बाऊलचा आवाज ऐकायचा, लै हलकं वाटतं म्हणतात. एका सेशनचे दीड हजार. तिथले लोक सांगायलेत की बाऊल सात धातूंचा आहे, ४३२ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४३२ कंपनांच्या, आवाजानं चक्रं मोकळी होतात, गोळ्या सुटतात. मिस्टर म्हणतात पैसे उडवायचे धंदे. जाऊ का? बीपीची गोळी चालूय.

उत्तर : आधी गोळीचं. ती कुणाच्या सांगण्यावरून सोडायची नाही, डॉक्टर सोडून. गोळ्या सुटतात म्हणणाऱ्याकडं तर मी जाणारच नाही, बाकी कितीही गोड बोलू द्या.

आता जाऊबाईंना हलकं वाटतं ते खोटं नाही. २०१७ साली अमेरिकेत ६२ जणांवर अभ्यास झाला होता, बाऊलच्या एका सेशननंतर ताण, राग, थकवा कमी झाल्याचं त्यांनी सांगितलं. पण तुलनेला दुसरा गटच नव्हता, म्हणजे नुसतं तासभर गप पडून राहिलं असतं, मोबाईल बंद, कुणी हाक मारायला नाही, तर किती फरक पडला असता हे कळायला मार्ग नाही. मला विचाराल तर बराचसा गुण त्या पडून राहण्याचाच असावा. आपल्या घरात बाईला तेवढं तरी कुठं मिळतं?

सात धातूंचं सोडून द्या. हे बाऊल बहुतेक काशाचेच असतात, तांबं आणि कथील, आजीच्या तळपायाला तूप लावून चोळायच्या वाटीत असायचं तेच. घरात जाड काशाची वाटी असंल तर तळहातावर ठेवून कापड गुंडाळलेल्या लाकडानं हळूच वाजवून बघा, आवाज वांव-वांव असा हलत जातो आणि हाताला झिणझिण लागते. वाटी अगदी एकसारखी गोल नसते, त्यामुळं जवळजवळचे दोन स्वर एकदम निघतात आणि एकमेकांत मिसळतात, म्हणून ती लाट. ४३२ आकड्यात काही जादू नाही.

फुकटातलं सांगते, भ्रामरी प्राणायाम. पाठ ताठ, तोंड बंद, दात टेकवायचे नाहीत, नाकानं श्वास घ्यायचा आणि सोडताना म्ऽऽऽ असा गुणगुणाट, जमेल तेवढा लांब, ओढाताण न करता. पाच-सहा वेळा. श्वास सोडायला वेळ लागतो म्हणून नाडी संथ होते, कंपनं टाळूला, कपाळाला जाणवतात ती वेगळी. गुणगुणताना नाकातला नायट्रिक ऑक्साइड हा वायू साध्या श्वासापेक्षा १५ पट वाढतो हे स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये मोजलंय, त्यानं झोप लागते असं मात्र त्यांनी म्हटलेलं नाही. जेवल्या जेवल्या करू नका, चक्कर आली की थांबा.

सेशनला जायचंच असंल तर एकदा जाऊन या, मिस्टरांनाही न्या. पॅकेज आधीच घेऊ नका. फिट येत असंल, कानात सतत आवाज येत असंल, दिवस गेलेले असतील किंवा पेसमेकर बसवलेला असंल तर आधी डॉक्टरला विचारायचं, छातीवर बाऊल ठेवू द्यायचा नाही.

आणि ताई, मार्चपासून झोप नाही म्हणता, तर बीपी तपासायला जाल तेव्हा झोपेचं आणि चिडचिडीचंही सांगा, नुसती गोळी लिहून घेऊन येऊ नका. फारच जड वाटलं, नको नको ते विचार यायले तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.