चर्चागटात दोघं-तिघंच बोलतात, बाकीची मुलं येईनाशी झालीत, काय करू?

तुम्ही लिहिलंय की जागतिक घडामोडींवर विद्यार्थ्यांचा गट सुरू केलात, पहिल्या दिवशी बावीस जण आले, चौथ्या बैठकीला सातच उरले आणि त्यातही दोघं-तिघं वाद घालतात, बाकीचे मोबाईलमध्ये डोकं घालून. मी सहा वर्षं असा गट चालवतेय आणि पहिल्या वर्षी माझ्याकडेही नेमकं हेच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मुलांना रस नसतो हे मला अजिबात पटत नाही. होतं काय, तुम्ही "युक्रेनबद्दल काय वाटतं?" असं विचारता, मग ज्याचं मत घरूनच तयार होऊन आलंय तो सुरू होतो, आणि ज्याला नकाशात काळा समुद्र कुठे आहे हेच नक्की माहीत नाही तो सगळ्यांदेखत ते कसं कबूल करणार? तो गप्प बसतो आणि पुढच्या आठवड्यात येत नाही. म्हणून मत विचारायची वेळ पुढे ढकला. मी फळ्यावर तीन कप्पे करते, काय घडलं, कोण काय म्हणतंय, आणि आपल्याला काय वाटतं. पहिला अर्धा तास तिसरा कप्पा बंद म्हणजे बंद, कोणी कितीही हात वर करो. नकाशा मात्र पहिल्या मिनिटापासून भिंतीवर हवा.

नव्या गटाबरोबर मी कायम एव्हर गिव्हनपासून सुरुवात करते. २३ मार्च २०२१ ला सुएझ कालव्यात आडवं होऊन अडकलेलं ४०० मीटर लांबीचं जहाज, सहा दिवस कालवा बंद. प्रश्न एकच टाकायचा, हे जहाज कोणाचं? जोड्या करून पाच मिनिटं शोधायला द्यायची. एक जोडी म्हणते जपानचं कारण मालक जपानी, दुसरी म्हणते तैवानचं कारण चालवणारी कंपनी तिथली, तिसऱ्यांना झेंडा पनामाचा सापडतो, कोणाला कळतं की जहाजावरचे पंचविसच्या पंचवीस खलाशी भारतीय होते, आणि अडकलं तर इजिप्तमध्ये! इथे कोणाचंच मत आधीपासून तयार नसतं त्यामुळे सगळे एका पातळीवर येतात. एका वर्षी तोवर एक शब्दही न बोललेली एक मुलगी एकदम म्हणाली, "मग पैसे कोण भरणार?" आणि पुढची चाळीस मिनिटं मला काही करावंच लागलं नाही. कारण उत्तर खरंच भारी आहे, मालकाने 'जनरल ॲव्हरेज' जाहीर केलं, म्हणजे जहाज सोडवायच्या खर्चात ज्यांचा माल त्यावर होता त्यांनीही वाटा उचलायचा, आणि इजिप्तने भरपाईचा समझोता होईपर्यंत जहाज जुलैपर्यंत अडवून ठेवलं. तिथून मुलं आपली आपणच इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी १९५६ मध्ये कालव्याचं राष्ट्रीयीकरण का केलं यावर जातात, आणि नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हुथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे जहाजं तांबडा समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा का घालायला लागली यावरही.

दुसरा प्रकार मतदानाचा. २ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाच्या आक्रमणाविरुद्ध ठराव आला, १४१ बाजूने, ५ विरोधात, ३५ तटस्थ. मी यातला एकेक देश चिठ्ठीवर लिहून वाटते, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका, एरिट्रिया, जर्मनी असं काहीही, आणि सांगते की तुम्हाला पटो न पटो, त्या देशाने असं मत का दिलं ते त्याच्या खुर्चीत बसून सांगा. शस्त्रं कुठून घेतात, गहू आणि तेल कुठून येतं, शेजारी कोण आहे, हे बघितल्याशिवाय सांगताच येत नाही. आणि मग कोणीतरी विचारतंच की १४१ देश बाजूने होते तर युद्ध थांबलं का नाही, तेव्हा सुरक्षा परिषद, तिचे पाच कायम सदस्य, त्यांचा व्हेटो म्हणजे ठराव एकट्याने अडवायचा अधिकार, हे सगळं समजावून सांगायची खरी वेळ येते. आधी सांगितलं असतं तर ते नुसतं पाठ करायचं प्रकरण झालं असतं.

आवाज चढतात तेव्हाचं सांगते, गाझावर चढतातच. मी मध्यस्थी करत नाही, दोघांनी वापरलेले शब्द फळ्यावर लिहिते आणि विचारते हा शब्द कोणती बाजू वापरते, दुसरी बाजू याच गोष्टीला काय म्हणते. बहुतेक वेळा भांडण तिथे थंड होतं, कधी नाही होत, मग दहा मिनिटं ब्रेक. आणि कृपा करून विषय जाहीर करण्याआधी बघा की गटात कोणाचं घरचं माणूस त्या भागात तर नाहीये ना. माझ्याकडे एका मुलाचा भाऊ युद्धाच्या जागी अडकला होता, मला माहीत नव्हतं, आणि बाकीचे डावपेचांबद्दल उत्साहाने बोलत होते, तो मुलगा मधेच उठून गेला. अजून वाईट वाटतं मला. तेव्हापासून विषय चार दिवस आधी कळवते.

कालच्या बातमीवर आज बैठक घेऊ नका, आठवडा जाऊ द्या, तोवर निम्म्या अफवा गळून पडतात. तुम्ही स्वतः शेवटी बोला, शक्यतो बोलूच नका. बारापेक्षा जास्त जण झाले तर सरळ दोन गट करा.

महिन्यातून एक बैठक मात्र ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही त्यावर ठेवा. मी सुदान घेते. १५ एप्रिल २०२३ पासून तिथे लष्कर आणि आरएसएफ हे निमलष्करी दल एकमेकांशी लढतायत, एक कोटीपेक्षा जास्त लोक घर सोडून गेलेत, आणि ज्या दोन सेनापतींनी, लष्कराचे बुरहान आणि आरएसएफचे दगालो, २०२१ मध्ये मिळून सत्ता हातात घेतली तेच एकमेकांवर उठले. पहिल्यांदा मी ही बैठक घेतली तेव्हा खोलीत कोणालाच या दोघांची नावं माहीत नव्हती, मग एका मुलीने नकाशापाशी जाऊन सुदानचे सात शेजारी एकेक करून मोजले आणि विचारलं, ही सगळी माणसं यातल्या कुठल्या देशात गेली असतील? तुमच्या उरलेल्या सात जणांना एकेक शेजारी देश द्या आणि पुढची बैठक तिथूनच सुरू करा.