घाटात मान टाकणारी पद्मिनी

प्रश्न : वडिलांची 1982 ची प्रीमियर पद्मिनी सकाळी झटक्यात सुरू होते, पण खंबाटकी घाट चढताना बंद पडते. अर्ध्या तासाने पुन्हा चालते. कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) दोनदा साफ करून झाला. – एक वाचक, पुणे

उत्तर : कार्ब्युरेटर आता तिसऱ्यांदा खोलू नका. त्यातलं जेट, म्हणजे पेट्रोलचं बारीक छिद्र, तुंबलं असतं तर गाडीने गारठ्यातही त्रास दिला असता. पुढच्या वेळी बंद पडली की चावी काढा, एअर फिल्टर उचला आणि कार्ब्युरेटरच्या तोंडात बघत थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटरने हलणारा दांडा) हाताने झटकन ओढा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली, तर दोष इंधनाचा नाही. मग ठिणगीसाठी वीज पुरवणारी इग्निशन कॉइल तापून बंद पडते का, ते तपासा. पिचकारी नसेल तर पेट्रोल पोचतच नाहीये. पंप इंजिनलाच बसवलेला असतो, तिथल्या उष्णतेने पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ ढकलतो. पंपावर ओलं फडकं ठेवा. पाच-दहा मिनिटांत सुरू झाली, तर कारण हेच.

रबरी नळ्याही बघाच. माझ्या गाडीत टाकीकडून येणाऱ्या नळीला केसाएवढी चीर होती. थेंबही गळत नव्हता, पण पंप हवा ओढत होता. इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर लवकर खराब होतं. सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घाला. वडिलांची गाडी आहे, जपा तिला.