कॉलेजात समान संधी कक्षाची जबाबदारी माझ्यावर आली आहे (गोवा). सुरुवात कुठून करू?

आधी प्राचार्यांकडून अधिकाराचा लेखी आदेश घ्या. व्याख्यानं आणि पोस्टर-स्पर्धा सावकाश होतील. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या समता नियमावलीत समान संधी कक्ष आहेच, शिवाय भेदभावविरोधी अधिकारीही आहे, आणि कॉलेजात तो किमान सहयोगी प्राध्यापक दर्जाचा लागतो. आदेशाशिवाय कार्यालय तुम्हाला प्रवेशाची आकडेवारीसुद्धा देणार नाही.

ती आकडेवारी मात्र मागाच. प्रवेश किती, यापेक्षा दुसऱ्या वर्षापर्यंत टिकले किती ते पाहा. गोव्यातल्या गावडा, कुणबी, वेळीप या समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ मध्ये मिळाला. त्यामुळे काही घरांतून कॉलेजात येणारी ही पहिलीच पिढी असते. दक्षिण गोव्यातल्या काणकोण-सांग्याहून येणाऱ्या मुलीची गैरहजेरी पुष्कळदा बसच्या वेळेशी जोडलेली असते, आळसाशी नाही. प्राथमिक शिक्षण मराठी-कोकणीत झालेल्यांसाठी शिष्यवृत्तीची सूचना त्या भाषांतही लावा. फुकटचं काम, पण कुणी करत नाही.

दिव्यांगांसाठी २०१६ चा कायदा सरकारी व अनुदानित संस्थांत किमान ५ टक्के जागा राखायला सांगतो. विनाअनुदानित कॉलेजला हे कलम लागू नाही.

एक सावधगिरी: आयोगाने जानेवारी २०२६ मध्ये नवी नियमावली काढली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. आदेशात कोणत्या नियमावलीचा हवाला द्यायचा, ते सही घेण्याआधी ताजी स्थिती पाहून ठरवा.