बसऱ्याला गेलेल्या पणजोबांचा शोध

प्रश्न : आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्याला’ गेले आणि जिवंत परतले, एवढेच घरात माहीत आहे. त्यांचे एक चांदीचे पदक आमच्याकडे आहे. त्यावर घोडेस्वाराचे चित्र असून कडेवरची इंग्रजी अक्षरे झिजली आहेत. आजी सांगत असे, की वेढ्यात असताना त्यांनी घोड्याचे मांस खाल्ले नाही आणि घरी आले तेव्हा त्यांच्या तोंडात दात नव्हते. राष्ट्रकुल युद्ध-समाधी आयोगाच्या यादीत नाव शोधले, पण सापडले नाही. आता पुढे काय करावे?
— एक वाचक, पाटण, जि. सातारा

उत्तर : आयोगाच्या यादीत नाव न सापडणे स्वाभाविक आहे, कारण ती ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात मृत्यू पावलेल्यांची यादी आहे. आपले पणजोबा परतले, म्हणून त्यांचा माग वेगळ्या वाटेने काढावा लागेल. या कामी आजींची आठवण मला पदकाइतकीच मोलाची वाटते.

घोड्याच्या मांसाचा उल्लेख सरळ कूत-अल-अमाराकडे, म्हणजे आजच्या इराकमध्ये बसरा आणि बगदाद यांच्या दरम्यान असलेल्या गावाकडे, बोट दाखवतो. ब्रिटिश जनरल टाउनशेंड यांच्या हाताखालची सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन बगदादच्या वाटेवरून मागे हटून कूतमध्ये आली आणि ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्की सैन्याने तिला वेढले. अन्न संपत आले तेव्हा घोडे आणि खेचरे कापली जाऊ लागली. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी ते मांस बरेच दिवस नाकारले; हिंदुस्थानातील धर्मगुरूंकडून ते खाण्यास मुभा असल्याचे निरोप मागवावे लागले, तरीही अनेकांचे मन वळण्यास फार उशीर झाला. ताज्या अन्नाच्या अभावी स्कर्व्ही पसरली. या रोगात हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येते आणि दात हलून पडतात. ‘तोंडात दात नव्हते’ हे आजींचे वाक्य म्हणजे एका आजाराची नोंदच आहे, असे मी समजतो. ते त्यांच्याच शब्दांत, आठवणाऱ्याच्या नावासह आणि तारखेसह आजच लिहून ठेवावे.

कूतच्या वेढ्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या : १०३ वी, ११० वी आणि ११७ वी. घरात ‘जंगी पलटण’ हे नाव कुणी घेत असेल, तर ती १०३ वी होय. ‘काळी पाचवी’ म्हणत असतील, तर ती १०५ वी, आणि ती वेढ्यात नव्हती, म्हणजे मग कूतचा तर्क पुन्हा तपासावा लागेल. १९२२ मध्ये पलटणींचे क्रमांक बदलले (१०३ वी पहिली झाली, ११० वी तिसरी, ११७ वी पाचवी), त्यामुळे पेन्शनच्या कागदावर वेगळाच आकडा दिसला तरी गोंधळू नये.

आता पदक. ते पॉलिशने किंवा चिंच-राखेने मुळीच घासू नका. राहिलेली अक्षरेही त्यात जातील. अंधाऱ्या खोलीत पदक उभे धरून विजेरीचा झोत अगदी तिरपा, कडेला घासून जाईल असा पाडावा आणि पदक थोडे थोडे फिरवत मोबाइलवर फोटो काढावेत. झिजलेल्या अक्षरांच्या खाचांत सावली पडते आणि ती वाचता येतात. कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण या क्रमाने मजकूर असतो. त्यातला क्रमांक नावापेक्षाही महत्त्वाचा आहे, कारण एकाच नावाचे शिपाई पलटणीत अनेक असत आणि इंग्रज कारकून ‘जाधव’ हे आडनाव ‘जाधाव’, ‘जाधो’ असे कानाला येईल तसे लिहीत.

यानंतर पणजोबा घरी कधी आले, हे ठरवावे. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत पडले आणि सुमारे १३ हजार सैनिक कैद झाले. त्यांतील हजाराहून अधिक आजारी व जखमींची अदलाबदल होऊन ते लवकर सुटले. बाकीच्यांना उन्हातून वाळवंट तुडवत नेण्यात आले, पुष्कळ हिंदी कैद्यांना रास-अल-ऐन येथे रेल्वेच्या कामाला जुंपले गेले आणि त्यांतले कित्येक परतलेच नाहीत. जे जगले त्यांची सुटका ३० ऑक्टोबर १९१८ च्या तुर्कस्तानशी झालेल्या युद्धबंदीनंतर झाली. पणजोबांच्या मुलांपैकी कुणाचा जन्म १९१७ किंवा १९१८ चा आहे का, हे गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये पाहावे. तशी नोंद मिळाली, तर ते आजारी म्हणून आधी सुटले असण्याची शक्यता बळावते. त्या काळच्या जन्मतारखा पुष्कळदा अंदाजे लिहिलेल्या असत, म्हणून एकाच नोंदीवर विसंबू नये.

क्रमांक व पलटण हाती आल्यावर बेळगाव येथील मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राला पदकाच्या फोटोंसह पत्र लिहावे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावरही पलटणीच्या नावाने शोध घ्यावा. विलायतेतील कागदपत्रांकडे लगेच धावू नये. तेथील युद्ध-दैनंदिन्यांत पलटणीच्या हालचाली सविस्तर मिळतात, पण साध्या शिपायाचे नाव क्वचितच येते. त्यापेक्षा तहसीलच्या अभिलेख कक्षातील जुने फेरफार आधी पाहावेत. विशेष सेवेबद्दल ‘जंगी’, म्हणजे लष्करी, इनाम मिळाले असल्यास तेथे त्याचा उल्लेख सापडू शकतो.

आपल्या गावात देवळाजवळ किंवा चावडीत संगमरवरी पाटी आहे का, तेही पाहावे. सातारा जिल्ह्यातील कित्येक गावांत, किती माणसे महायुद्धाला गेली आणि किती कामी आली, एवढेच कोरलेल्या पाट्या आहेत. त्या आकड्यात आपले पणजोबा असतीलच. त्यांच्याबरोबर गेलेल्यांची घरे गावात शोधली, तर एखाद्या पेटीत त्याच पलटणीचे दुसरे पदक, आणि त्यावर वाचता येण्याजोगा मजकूर, मिळू शकेल.