येशू 'आपल्या पापांसाठी' मेला म्हणजे काय? एकाच्या गुन्ह्याची शिक्षा दुसऱ्याला, हा न्याय कसा?

मेख 'साठी' या शब्दात आहे. मराठीत 'तुझ्यासाठी केलं' म्हणजे तुझ्या भल्याकरता, किंवा तू करायचं ते तुझ्याऐवजी मी केलं. ग्रीक नव्या करारात बहुतेक ठिकाणी 'हुपेर' हा असाच दुहेरी शब्द येतो. पण मार्कच्या शुभवर्तमानात (१०:४५) येशू पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून देण्याची भाषा करतो, तिथे 'अंती' आहे, म्हणजे 'च्या बदल्यात'. प्रतिस्थापनाचा, म्हणजे पाप्याच्या जागी ख्रिस्त उभा राहिला या शिकवणुकीचा, हा एक मोठा आधार. दुसरा, जुन्या करारातल्या यशया या पुस्तकाचा ५३ वा अध्याय, जिथे एक निरपराध सेवक इतरांच्या अपराधांचा भार वाहतो.

जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या १६ व्या अध्यायातल्या, यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा दाखलाही नेहमी देतात. पण तिथे बकरे दोन आहेत. एक मारला जातो. ज्याच्या डोक्यावर हात ठेवून लोकांची पापं लादली जातात, तो दुसरा. त्याला जिवंत रानात सोडतात. म्हणजे पाप वाहणं आणि शिक्षा भोगणं एकच नव्हे. हा फरक प्रवचनांत सहसा हरवतो, असं मला वाटतं.

शिक्षेची कोर्टकचेरीची भाषा ठळक झाली ती १६ व्या शतकात. त्याआधी, १०९८ च्या सुमारास, अँसेल्म हा धर्मपंडित म्हणाला होता की पापानं देवाचा मान हिरावला आणि ख्रिस्तानं तो भरून दिला. त्याच्या मांडणीत भरपाई होते, म्हणून शिक्षेची गरजच उरत नाही. १६ व्या शतकातला प्रॉटेस्टंट धर्मसुधारक काल्व्हिन कायदा शिकलेला. त्याच्याकडे न्यायाधीश, आरोपी, दंड सगळं येतं.

तुमचा आक्षेप त्याच, १६ व्या शतकात फाउस्तो सोझिनी या इटालियन विचारवंतानं घेतला होता: कर्ज दुसरा फेडू शकतो, शिक्षा हस्तांतरित होत नाही, शिवाय वसुली झाली तर क्षमा कसली? यावर परंपरेचं उत्तर त्रैक्यातून, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणुकीतून, येतं. शिक्षा भोगणारा कुणी तिऱ्हाईत पकडून आणलेला नाही, न्यायाधीश स्वतःच पुत्राच्या रूपात, स्वेच्छेनं आरोपीच्या जागी येतो. हे उत्तर क्रूरतेचा आरोप बराच बोथट करतं. सोझिनीचा दुसरा प्रश्न मात्र मला अजून पुरता सुटलेला वाटत नाही.

आणि हे सगळ्या ख्रिस्ती लोकांचं मत नाही. पूर्वेकडचं ऑर्थोडॉक्स चर्च शिक्षेपेक्षा ख्रिस्तानं मरणावर मिळवलेल्या विजयावर भर देतं.