खान्देशातल्या गावांमध्ये हौशी लोकांनी चालवलेले खुले रंगमंच कसे सुरू झाले आणि नंतर बंद का पडत गेले?

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावच्या रंगमंचावर मी कामं केलीत, पण त्याहून जास्त वर्षं त्याची वर्गणी गोळा केलीय. त्यामुळे उत्तर नटापेक्षा खजिनदाराच्या अंगानं जाईल.

सुरुवात बहुतेक गावांत आखाजीला (म्हणजे अक्षय्य तृतीयेला) नाहीतर ग्रामदैवताच्या यात्रेला झाली. आखाजीच का, हे बाहेरच्याला चटकन कळत नाही. आपल्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, वर्ष आखाजीला संपतं. जुना हिशेब मिटलेला, नवा ठरायचा, म्हणजे गडीमाणूस मोकळा. कापूस विकून झालेला, गहू आणि दादर (रब्बी ज्वारी) घरात आलेली. सासुरवाशिणी आखाजीच्या गौराईला माहेरी आलेल्या. नट आणि प्रेक्षक दोघंही गावात सापडतात असे वर्षातले हेच काय ते चार दिवस. शिवाय आखाजीला पत्ते कुटायचा रिवाज. पोरं तालमीत अडकली तर डावावर बसणार नाहीत, या हिशेबानं म्हातारी मंडळी फारशी कुरकुर न करता पैसे द्यायची. (हिशेब चुकायचाच. मेकअपसकट डावावर बसलेला औरंगजेब मी पाहिलाय.)

जुनी माणसं सांगायची, पहिला रंगमंच म्हणजे बैलगाड्या. यात्रेत भगतानं बारागाड्या, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या बैलगाड्या, ओढल्या, की त्यातल्याच काही गाड्या चौकात आणायच्या, एकमेकींना दोरानं आवळायच्या आणि वर फळ्या टाकायच्या. उजेडाला गॅसबत्त्या. नंतर श्रमदानातून दगडमातीचा ओटा झाला, आणि तो बांधणाऱ्यांना अक्कल होती असं मी आजही म्हणतो. ओट्याची पाठ पश्चिमेला आहे. तापीचं खोरं पश्चिमेकडे उघडं, उन्हाळ्यात वारा तिकडूनच येतो. पाठीमागून वारा आला की माईक नसतानाही आवाज शेवटच्या गोणपाटापर्यंत पोचतो. शेजारच्या एका गावात ओटा उलट्या तोंडाचा होता. तिथे पहिल्या प्रवेशापासूनच आरोळी यायची, "जोरमा बोल रे भो, मांगे काईच ऐकू येत नही!"

पाठीच्या वाऱ्याचा त्रास एकच, पडद्याचा. जंगलाचा पडदा शिडासारखा फुगायचा आणि संवाद चालू असताना नटाच्या पाठीवर आपटायचा. म्हणून खालच्या कडेला बांबू शिवून घेतला होता आणि त्याच्या दोन्ही टोकांवर मागच्या बाजूनं एकेक पोरगा बसवायचे. ही पोरं रात्रभर तिथंच. कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं नाव कधी छापलं नाही, पण असली दहा-पंधरा माणसं असतील तरच असा रंगमंच चालतो. बाकड्या उचलणारी, पडद्यांची पेटी उंदरांपासून सांभाळणारी, दारोदार वर्गणी मागणारी. नट काय, कुठेही मिळतात.

ओट्यावर काय व्हायचं? आधी वही (इकडचा गाण्याचा लोकप्रकार) आणि तमाशा. मग सत्यशोधकी जलसे, पुढे आंबेडकरी जलसे. 1941 नंतर राष्ट्र सेवा दल आलं. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, त्यामुळे या भागात सेवा दलाला घरचं माणूस मानायचे, आणि त्यांची कलापथकं पाहून शिकल्यासवरल्या घरची मुलंही तोंडाला रंग लावायला लागली. नंतर तीन अंकी ऐतिहासिक आणि सामाजिक नाटकं. स्त्रीपार्ट पुरुषच करायचे. पुढे लोक ऐकेनात, तेव्हा शहरातून नट्या आणायची पद्धत पडली. आमच्या जुन्या वह्यांत खर्च फुगलेला दिसतो तो तिथपासून. नट्यांची नाईट (एका प्रयोगाचं मानधन), त्यांचा प्रवास, ड्रेपरी (भाड्याचे पोशाख), मेकअपवाला. आधी नारळ आणि चहा सोडला तर खर्च काहीच नव्हता, आता वर्गणीचा पैसा गावाबाहेर जायला लागला.

जळगावच्या बालगंधर्व खुल्या नाट्यगृहाची गल्लत इथे करू नका. बालगंधर्वांना गाण्याचे सुरुवातीचे धडे जळगावात मिळाले, म्हणून ते नाव. पण ते महानगरपालिकेचं नाट्यगृह, वर्गणीवर चालणारं नव्हे.

बंद का पडले, यावर सगळे टीव्हीला शिव्या देतात. मला ते अर्धंच पटतं. 1954 पासून राज्य नाट्य स्पर्धा सुरू झाली. ती चांगलीच गोष्ट, पण ती बंदिस्त नाट्यगृहात होते. तालुक्यातले चांगले नट तिकडे गेले, हळू आवाजात बोलायला शिकले आणि परत ओट्यावर आले तेव्हा मागच्या रांगेला ऐकू येईनात. दुसरं, 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. वर्षातले पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देता येते, पण ते दिवस बहुतेक गणपती-नवरात्रातच संपतात. आखाजीच्या नाटकाची नांदीच मुळी जेवणंखाणं उरकून दहाला व्हायची! आणि काही गावांत तर ओट्यासमोरच्या मोकळ्या जागेवरच सभामंडप उभा राहिला. सावली झाली, मैदान गेलं.

आमचा रंगमंच चालू आहे. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरचं) प्रमाणपत्र, लेखकाची परवानगी आणि मानधन, मग पोलिसांची परवानगी, एवढं आधी उरकतो. नाटक साडेसातला सुरू करून दहाच्या आत पडदा पाडतो. त्यासाठी, लेखकाला विचारूनच, तीन अंकी नाटक कापून लहान करावं लागतं. कापायला बसलं की दिग्दर्शकाची कात्री पहिली विनोदी नोकराच्या प्रवेशांवर पडते, गावाला नेमके तेच हवे असतात, आणि दरवर्षी तालमीतलं पहिलं भांडण त्यावरूनच होतं.